शंटिंग इंजिनाला चिकटलेलं बिनकेबिनचं इंजिन

जुन्या ब्रिटिश रेल्वे फोटोंत कधी शंटिंग इंजिनाला (यार्डात डबे हलवणाऱ्या) चिकटलेलं बिनकेबिनचं धूड दिसतं; तो डबा नाही, ती ‘क्लास १३’ या जोड-इंजिनाची अर्धी बाजू आहे. शेफील्डजवळच्या टिन्सली यार्डात टेकाडावर (जिथून सुटे डबे उतारावरून आपोआप घरंगळत वेगवेगळ्या रुळांवर जातात) गाड्या ढकलायला एकटं ३५० अश्वशक्तीचं ‘क्लास ०८’ शंटिंग इंजिन कमी पडे आणि लांबलचक मोठं इंजिन माथ्यावर पोट टेकण्याची भीती. म्हणून १९६५ साली डार्लिंग्टन कारखान्यात दोन-दोन ०८ कायमची जोडून अशा ३ जोड्या केल्या. मागच्याची केबिन कापली, वजन वाढवलं. ड्रायव्हर एकच, ताकद ७००. मात्र याला अमेरिकी ‘स्लग’ (शेजारच्या इंजिनाच्या विजेवर चालणारं जोडधूड) समजू नका : स्लगमध्ये डिझेल इंजिनच नसतं, इथे दोन्हींत होतं. १९८५ पर्यंत तिन्ही बाद.