छंद म्हणून उभ्या अक्षाची पवनचक्की बनवायची आहे. सॅव्होनियस (अर्धगोल पात्यांची) घ्यावी की डॅरियस (विमानाच्या पंखासारख्या पात्यांची)? आणि तिच्यावर घरचे दिवे-पंखे चालतील का?

दिवे-पंख्यांचा हिशेब आधी करू, कारण कोणता प्रकार घ्यायचा हे बरंचसं त्यावरच ठरतं.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा १ चौरस मीटर क्षेत्रातून जातो तेव्हा त्यात साधारण ७७ वॅट असतात. वेग ३ मीटरवर आला की जेमतेम १७ उरतात. यातला जास्तीत जास्त ५९.३ टक्के भाग काढता येतो, ही बेट्झची मर्यादा. घरी बनवलेल्या सॅव्होनियसने १५ टक्के काढले तरी ती उत्तम जमली असं मी म्हणेन. म्हणजे दांड्यावर ११-१२ वॅट, आणि त्यातूनही जनित्र आणि रेक्टिफायरमध्ये (एसीचा डीसी करणारा भाग) काही जाणारच. एखादा एलईडी दिवा लागेल, छताचा पंखा नाही. वीजबिल कमी करायचं असेल तर सौर पॅनेल घ्या. वारा आणि यंत्र समजून घ्यायचं असेल तर मात्र ही चक्की जरूर बनवा, यासारखा प्रकल्प नाही.

पहिली चक्की सॅव्होनियसच करा, हे माझं ठाम मत. वारा तिच्या अर्धगोल पात्यांना ढकलतो, त्यामुळे ती मंद वाऱ्यातही आपोआप सुरू होते, आणि पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या आसपासच राहतो. डॅरियसची पाती विमानाच्या पंखासारखी उचल घेऊन फिरतात. ती जास्त कार्यक्षम आहे खरी, पण बरेचदा स्वतःहून सुरूच होत नाही, आणि टोकाचा वेग वाऱ्याच्या तिप्पट-चौपट जातो. १ किलोचं पातं अर्धा मीटर त्रिज्येवर सेकंदाला ३० मीटर वेगाने फिरत असेल तर ते सुमारे १८० किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढलं जातं. हा ताण दोन-चार बोल्टांवर येतो. शिवाय प्रत्येक फेरीत पात्यावरचा जोर उलटसुलट होत राहतो, त्यामुळे धातू थकतो. कॅनडातल्या काप-शा इथलं ‘एओल’ हे प्रचंड डॅरियस यंत्र अखेर १९९३ मध्ये खालचं बेअरिंग खराब झाल्यामुळे बंद पडलं. तिथे निष्णात अभियंते होते, हे लक्षात घ्या.

२०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम उभा चिरला की दोन पाती तयार. ती मधोमध एकमेकांवर थोडी सरकवून बसवा, म्हणजे एका पात्यातली हवा दुसऱ्यात शिरायला वाट राहते. ही सरक पात्याच्या रुंदीच्या १० ते २० टक्के ठेवून पाहा. वर आणि खाली गोल तबकड्या हव्यातच, नाहीतर हवा कडेने निसटते. तबकडीचा व्यास चक्रापेक्षा दहाएक टक्के मोठा ठेवा. एवढ्यातून सुमारे ०.९ चौरस मीटर क्षेत्र मिळतं, कारण इथे क्षेत्र म्हणजे उंची गुणिले व्यास. दोन पाती असली की काही कोनांत चक्र अडून बसतं. म्हणून पुढे जमलं तर दोन मजले करा, वरचा खालच्याला काटकोनात.

जनित्र निवडताना बहुतेकांची निराशा होते. ५ मीटरच्या वाऱ्यात हे चक्र मिनिटाला साधारण ७५ फेरेच घेईल. मोटारगाडीच्या अल्टरनेटरला हजारावर फेरे लागतात, त्यामुळे तो नकोच. इलेक्ट्रिक सायकलची, गिअर नसलेली हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) चालते. गिअरवाली घेऊ नका, तिच्यात बहुधा एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. स्वतः चुंबक आणि कॉइल बसवून लोखंडी गाभा नसलेलं जनित्र केलंत तर आणखी छान, कारण ते सुरुवातीला अडखळत नाही.

पण जनित्र जोडण्याआधी एक प्रयोग करा, या प्रकल्पातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच. दांड्यावर पुली बसवा, तिच्यावरून दोरी घ्या आणि दोरीच्या दोन्ही टोकांना वजनाचे स्प्रिंगकाटे लावा. दोन काट्यांतला फरक न्यूटनमध्ये घ्या, त्याला पुलीच्या मीटरमधल्या त्रिज्येने गुणा, मग कोनीय वेगाने (सेकंदाला होणारे फेरे गुणिले ६.२८) गुणा, की चक्राची खरी शक्ती वॅटमध्ये मिळते. शेजारी, चक्राच्याच उंचीवर पण त्याच्या आडोशात येणार नाही असा वाऱ्याचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर हवा. दोरी हळूहळू आवळत वेगवेगळ्या फेऱ्यांना नोंद घ्या. मग पात्यांची सरक बदला, दुसरं काही बदलू नका, आणि पुन्हा मोजा. जनित्र जोडल्यावर आधी भार म्हणून रेझिस्टर लावा. बॅटरीचा व्होल्टेज गाठता आला नाही तर दोष चक्राचा की जनित्राचा, हे तेव्हा लगेच कळतं.

उभ्या अक्षाची चक्की वादळात तोंड फिरवून वाऱ्यातून बाहेर पडू शकत नाही. २० मीटरच्या वाऱ्यात ५ मीटरच्या ६४ पट शक्ती असते, आणि तेवढ्या चक्रावर पंचवीसएक किलोचा आडवा दाब येतो. हा दाब खांबाच्या वरच्या टोकाला असतो, म्हणून खांबाला तीन-चार बाजूंनी तारेचे ताण द्या. जनित्राच्या तिन्ही वायर एकत्र जोडल्या की चक्र मंदावतं, पण जोराच्या वाऱ्यात तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. चक्र बांधून ठेवायला जाड दोरखंड आणि दांड्यात अडकवायची खीळ, दोन्ही पहिल्या चाचणीआधी तयार हवीत.