मिरर लावला की बॅकअपची कटकट संपते का?

प्रश्न: माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी करतो. विंडोज ११ होम एसएसडीवर आहे आणि सगळं काम ४ टीबीच्या एकाच हार्ड डिस्कवर, त्यातले अडीच टीबी भरलेत. ओळखीतल्या एकाची डिस्क ऐन सीझनमध्ये गेली, तेव्हा घाबरून ४ टीबीच्याच दोन नव्या घेतल्या. दुकानदार म्हणतो तिन्ही मिळून रेड ५ करा, ८ टीबी मिळेल. बायोसमध्येपण रेडचा ऑप्शन दिसतोय. काय करू? आणि रेड केल्यावर बॅकअपची कटकट संपते ना?
– एक वाचक, कराड

उत्तर: शेवटचं आधी सांगतो, नाही संपत. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकीसारख्या वापरायच्या, आणि त्यातला मिरर म्हणजे दोन डिस्कवर तेच ते एकदम लिहायचं. ते तुम्हाला डिस्क मरण्यापासून वाचवतं, बाकी कशापासून नाही. हळदीचा फोल्डर चुकून डिलीट झाला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) घुसला तर दोन्हीकडचं लॉक, आणि पीसीच चोरीला गेला तर विषयच संपला. १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी ही कल्पना मांडली तीच मोठ्या महागड्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क जोडायच्या म्हणून, आणि डिस्क जास्त म्हटल्यावर मधेच एखादी जाणारच, तेव्हा काम अडू नये म्हणून जास्तीची माहिती साठवायची.

म्हणून माझं स्पष्ट मत, दोन नव्यांचा मिरर करा म्हणजे रेड १, आणि जुनी बॅकअपला ठेवा. जागा ४ टीबीच मिळेल (विंडोज ती ३.६ च्या आसपास दाखवेल, डिस्कमध्ये खोट नाही, मोजायची पद्धत वेगळी). रेड ५ मध्ये डेटा आणि तो परत काढायचा हिशोब तिन्ही डिस्कवर वाटून ठेवतात. त्यात तिसरी डिस्क म्हणजे तीच जिच्यावर तुमचं काम आहे, आणि ॲरेत (जोडलेल्या डिस्कच्या गटात) घेताना ती पुसली जाते हे दुकानदाराने सांगितलं का? वर एक डिस्क गेली की उरलेल्या दोन्ही अख्ख्या वाचून हिशोबाने डेटा परत काढावा लागतो, सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी ४ टीबीला सात तासांच्या वर, आणि तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं.

बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या, वाटेला जाऊ नका. तिथला साटा मोड (मदरबोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते) नेहमीच्या एएचसीआयवरून रेडवर टाकला की आधीचं विंडोज बूटच होत नाही असं खूपदा होतं, आणि उद्या मदरबोर्ड गेला तर ॲरे वाचायला तसलाच बोर्ड शोधत फिरा. विंडोजचं स्वतःचं डिस्क जोडायचं फीचर, स्टोरेज स्पेसेस, होममध्येही आहे आणि तो मिरर दुसऱ्या विंडोज पीसीला लावला तरी उघडतो. सर्चमध्ये ‘मॅनेज स्टोरेज स्पेसेस’ टाका, नवा पूल (डिस्कचा गट) करताना फक्त दोन नव्या डिस्क टिक करा, मग ‘टू-वे मिरर’ निवडा. टिक करताना जुनीची केबल काढूनच ठेवा, दिसलीच नाही तर चुकून पुसली जाणार नाही.

आता जे बहुतेक लोक करतच नाहीत ते. डेटा टाकायच्या आधी दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. थोडे टेस्ट फोटो टाका, पीसी बंद करा, एकीची साटा केबल काढा नि चालू करा. फोटो उघडले पाहिजेत आणि स्टोरेज स्पेसेसमध्ये वॉर्निंग दिसली पाहिजे. परत बंद करून केबल लावा, रिपेअर होऊ द्या. खरंच डिस्क जाईल तेव्हा गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं आणि हात थरथरतात, चांगलीच डिस्क उपटली तर? त्यासाठी हे सगळं.

यूपीएस नसेल तर घ्या, लिहिता लिहिता लाईट गेली की मिररच्या दोन्ही बाजू जुळेनाशा होऊ शकतात. मग जुनीवरचं सगळं मिररवर कॉपी करा, थोड्या फाइली उघडून बघा, आणि ती यूएसबी केसमध्ये घालून स्टुडिओत नाही तर घरी ठेवा, आठवड्यातून एकदा आणून नवीन काम टाकून लगेच काढून न्यायची. आणि सीझनमध्ये कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करायची ती फोटो मिररवर आणि या डिस्कवर, दोन्हीकडे गेल्यावरच.