शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी: तज्ज्ञांकडे जाण्याआधीचे आठ दिवस

"समदंच बंद केलंय मॅडम. शेंगदाणे, दूध, अंडी, वांगं, तुरीची डाळ. आता लेकराला काय खाऊ घालावं तेच कळंना."

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून ही आई आली होती. दोन महिन्यांपूर्वी साडेचार वर्षांच्या मुलाने भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दहा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजला, दोन उलट्या झाल्या. छत्रपती संभाजीनगरला अ‍ॅलर्जी तज्ज्ञांची वेळ आठ दिवसांनंतरची मिळाली होती. आईला धास्ती दोन गोष्टींची होती: सुया पाहून लेकरू घाबरेल, आणि डॉक्टर उरलंसुरलंही बंद करतील.

दुसऱ्या धास्तीचं आधी बोलू. चांगला तज्ज्ञ बहुतेक वेळा बंद केलेले पदार्थ परत ताटात आणतो. हा मुलगा त्या दिवसापर्यंत दूध आणि वरण रोज खात होता, कधीच काही झालं नव्हतं. शेंगदाणा शेंगवर्गातला, म्हणून डाळीही बंद करा, असा सल्ला तिला कुणीतरी मोबाइलवर पाठवला होता. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेली बहुतेक मुलं तूर-मूग आरामात पचवतात. संशय फक्त शेंगदाण्याचा होता. तेवढाच बंद ठेवायचा आणि बाकीच्या पदार्थांची यादी "हे खातो, त्रास नाही" अशा शीर्षकाखाली लिहून न्यायची, असं ठरलं.

तपासणीत सगळ्यात मोलाची असते ती त्या दिवसाची हकीकत. नेमकं काय खाल्लं, किती (अर्धा चमचा की बोटभर), किती मिनिटांनी काय झालं, आधी काय आणि नंतर काय, खोकला किंवा घरघर होती का, कोणतं औषध दिलं, किती वेळाने उतरलं, त्या दिवशी ताप होता का. आईला वाटत होतं, "अंगाला खाज आली" एवढं पुरेल. उलट्यांचा उल्लेख तिने विचारल्यावर केला, आणि प्रसंग किती गंभीर होता हे ठरवताना तोच महत्त्वाचा होता. गांधींचे मोबाइलवरचे फोटो, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि बाजारच्या चटणीचं पाकीट लेबलासकट सोबत न्यावं.

घोळ होतो तो औषधांत. त्वचेवरच्या चाचणीआधी सिट्रिझिन, लेव्होसिट्रिझिनसारखी अ‍ॅलर्जीची औषधं साधारण पाच ते सात दिवस थांबवावी लागतात, नाहीतर अ‍ॅलर्जी असूनही चाचणी कोरी येते. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन हे याच जातीचं औषध असतं, ते कुणाच्या ध्यानातच येत नाही. हा मुलगा रोज रात्री सिट्रिझिन घेत होता, म्हणून त्याच दिवशी दवाखान्यात फोन करून विचारायला लावलं. दम्याचा पंप मात्र बंद करायचा नसतो. मधल्या काळात गांधी उठल्याच तर औषध द्यायचं. चाचणी पुढे ढकलता येते.

चाचणीत हातावर किंवा पाठीवर संशयित पदार्थाच्या द्रावाचे थेंब ठेवून त्यातून त्वचेला अगदी वरवर टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी फुगवटा मोजतात. लेकराला "टोचणारच नाही" असं सांगू नका, पुढच्या खेपेला ते विश्वास ठेवणार नाही. मुंगी चावल्यासारखं होईल, मग खाजेल, पण खाजवायचं नाही, एवढं सांगा. घरी पेनाने हातावर ठिपके काढून हा खेळ खेळवला की बरंच काम होतं. चाचणी सकारात्मक आली म्हणजे अ‍ॅलर्जी पक्की, असंही नसतं. हकीकत आणि चाचणी जुळावी लागते.

आजींचं म्हणणं होतं, "थोडं थोडं चाटवलं की सवय होती." हे घरी अजिबात नको. असे उपचार आणि खाऊ घालून पाहण्याची चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतात. त्याऐवजी आजींना स्वयंपाकघराचं काम सोपवलं, कारण आपल्याकडे कूट कशात नसतो? भरलं वांगं, साबुदाण्याची खिचडी, उपवासाची आमटी, चिक्की. कुटाचं मिक्सरचं भांडं वेगळं झालं. घाण्याच्या शेंगदाणा तेलात प्रथिनं उरतात, म्हणून घरात करडईचं तेल आलं. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख कायद्याने बंधनकारक आहे, पण सुट्या फरसाणाला लेबलच नसतं.

आठ दिवसांत पुन्हा काही झालं तर? नुसत्या गांधी असतील तर औषध देऊन लक्ष ठेवा. श्वासाला त्रास, आवाज घोगरा, पुन्हापुन्हा उलट्या, लेकरू मलूल, यातलं काहीही दिसलं तर १०८ला फोन. आडवं झोपवा, पाय वर. दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका. इथे सिट्रिझिन पुरत नाही, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. एका मिलीत एक मिलिग्रॅम असलेल्या अँप्युलमधून (औषधाच्या काचेच्या छोट्या कुपीतून) मात्रा किलोमागे ०.०१ मिली, म्हणजे १६ किलोच्या मुलाला ०.१६ मिली. हे डॉक्टर किंवा नर्सने द्यायचं. म्हणून जवळच्या आरोग्य केंद्रात अँप्युल आहे का ते आधीच विचारून ठेवायचं आणि मुलाचं ताजं वजन कागदावर लिहून ठेवायचं. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबावं लागतं, त्रास दुसऱ्यांदा उसळू शकतो.

तज्ज्ञांनी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी पक्की केली. दूध, डाळ, अंडी, वांगं सगळं सुरू झालं. आईने ठरलेले तीन प्रश्न विचारले: तीळ चालतील का, पुन्हा तपासणी कधी, आणि अंगणवाडीसाठी लेखी सूचना मिळेल का. त्या कागदाची एक प्रत आता अंगणवाडीताईंकडे आहे, एक आजींच्या बटव्यात.