घराचा वीजभार: वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न: बिलावर मंजूर भार ३ किलोवॅट आहे. घरात गिझर आणि इंडक्शन शेगडी आहे. दीड टनाचा एसी झेपेल का?

उत्तर: घरातल्या सगळ्याच उपकरणांची बेरीज करू नका, एका वेळी जी चालू असतात तेवढ्यांचीच करा. उपकरणावर छापलेल्या वॅटला २३० ने भागले की अँपिअर ढोबळमानाने कळतात. २,००० वॅटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, पूर्ण आचेवरची शेगडीही तेवढेच घेते, आणि पंखे, दिवे, फ्रिज मिळून २ अँपिअर धरले, तर सकाळी गिझर आणि शेगडी एकत्र चालताना तुमचा भार साडेचार किलोवॅटच्या घरात जातो. म्हणजे एसी येण्याआधीच मंजूर भार ओलांडला जातो आहे! उलट रात्री एसीचे साधारण १,६०० वॅट आणि बाकी किरकोळ भार मिळून २ किलोवॅटच्या आसपासच राहतात. तरीही मे महिन्यात एसी चालू असताना कोणी शेगडी पेटवणारच, म्हणून भार वाढवण्याचा अर्ज आताच करावा आणि त्याच वेळी मीटरपासून घरापर्यंत आलेली मुख्य वायर परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावी. कागदावरचा भार वाढला म्हणून वायर जाड होत नाही. एसीसाठी डीबीपासून (घरातले सगळे एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप बंद पडणारे स्विच, ज्यात असतात ती पेटी) स्वतंत्र लाइन ओढा. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मला योग्य वाटते.

प्रश्न: स्वयंपाकघरात शेगडी आणि ओव्हन एकत्र लावले की १६ अँपिअरचा एमसीबी अर्ध्या तासाने पडतो. त्या जागी ३२ चा बसवावा का?

उत्तर: कृपया बसवू नका. हा एमसीबी भिंतीतल्या वायरचे रक्षण करण्यासाठी असतो. मोठा बसवला तर तो पडणार नाही, पण वायर तापत राहील आणि तिचे आवरण आतल्या आत वितळेल. शेगडी, ओव्हन, फ्रिज आणि चिमणी मिळून १९ अँपिअर सहज होतात, आणि इतक्या थोड्या जादा भारावर एमसीबी लगेच न पडता तापून उशिरा पडतो. १६ चा एमसीबी १८ अँपिअर तासभरही धरून ठेवतो. ओव्हनसाठी वेगळी लाइन घेणे हाच उपाय आहे. भिंत फोडायचा खर्च नकोसा वाटतो हे मी जाणतो, पण इथे काटकसर धोक्याची आहे. एकटी शेगडी चालू असतानाही एमसीबी पडत असेल, तर मात्र त्याचा स्क्रू सैल असण्याची शक्यता आहे. तो वायरमनकडून मेन बंद करूनच आवळून घ्यावा.

प्रश्न: संध्याकाळी व्होल्टेज २०० वर येते आणि पाणी तापत नाही. मोठा गिझर घ्यावा का?

उत्तर: नको. २०० व्होल्टवर २,००० वॅटचा गिझर जेमतेम १,५०० वॅट देतो, आणि मोठा गिझर जास्त करंट ओढून व्होल्टेज आणखी पाडेल. वायरमनकडून गिझर चालू असताना मीटरपाशी आणि गिझरच्या सॉकेटपाशी व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हीकडे २०० असेल तर वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा. मीटरपाशी २३० असेल तर घरातली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहेत.