मुलगी सहा महिने बालवाडीत नुसती खेळते आहे, शाळा बदलावी का?

इतक्यात बदलू नका. आधी एक सकाळ तिच्या वर्गात जाऊन बसा. तिथे काय बघायचं ते पुढे सांगते.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे, वही कोरी आहे आणि शेजारचा तिच्याच वयाचा मुलगा शंभरपर्यंत अंक लिहितो, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या जिवाला लागलेला घोर मला कळतो. एकोणीस वर्षं बालवाडीत शिकवतेय. दिवाळीची सुट्टी संपली की कुणी ना कुणी आई-बाबा हाच प्रश्न घेऊन येतात.

त्या शंभराबद्दल आधी बोलू. मागच्या जूनमध्ये आमच्याकडे सव्वाचार वर्षांचा एक मुलगा आला. शंभरपर्यंत घडाघडा म्हणायचा. एकोणपन्नास, एकोणसाठलाही अडखळायचा नाही, आणि तिथे तर पहिली-दुसरीतली मुलंसुद्धा फसतात. डब्याच्या वेळी मी म्हटलं, "सात ताटल्या आण बरं." तो हातात मावतील तेवढ्या घेऊन आला. मग आम्ही चिंचोके घेऊन बसलो. सात त्याच्यासमोर, सात माझ्यासमोर, ओळीने. सारखेच आहेत, म्हणाला. मी माझे चिंचोके जरा लांब लांब सरकवले. "आता तुमचे जास्त झाले!" मी दुरुस्त केलं नाही. त्याला रोज ताटल्या वाटायचं काम दिलं. कधी कमी पडायच्या, कुणीतरी रडायचं, मग तो परत मोजून आणायचा. भातुकलीत पाहुणे किती, वाट्या किती, हे चालूच होतं. जानेवारीत मी तोच खेळ पुन्हा मांडला. तो चिंचोक्यांकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही नुसते लांब ठेवलेत. नवीन एकपण नाही आणला." सात म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी समजलं होतं. शंभरपर्यंत म्हणता तर त्याला आधीपासूनच येत होतं.

लिहिण्याचंही तसंच आहे. आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चाच, म्हणजे मऊ, लवचीक असतात, आणि तुमच्या मुलीच्या वयात त्यातली जेमतेम तीन-चार हाडं होऊ लागलेली असतात. बोटांचे स्नायूही अजून कोवळे असतात. सुरुवातीची चार वर्षं मी जिथे नोकरी केली, तिथे या वयाच्या मुलांकडून आम्ही रोज दोन पानं गिरवून घ्यायचो. मुलं पेन्सिल मुठीत आवळून धरायची, बोटं दुखतात म्हणायची आणि काही तर वही काढली की रडायला लागायची. त्याचं मला आजही वाईट वाटतं. कणीक मळणं, मटार सोलणं, मणी ओवणं, ओलं फडकं पिळणं, मातीचे गोळे करणं, ही सगळी लिहिण्याचीच तयारी आहे.

हे काही नवं फॅडही नाही. गुजरातमधल्या भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं, सोबत अनुताई वाघ होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. इटलीच्या मारिया माँटेसोरींच्या बालशिक्षण पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. आता 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही पाच वर्षं पायाभूत टप्पा मानली आहेत आणि त्यात खेळातून शिकण्यावरच भर दिला आहे.

पण नुसतं मोकळं सोडणं म्हणजे खेळातून शिकवणं नव्हे. खेळाच्या नावाखाली मुलांना टीव्हीपुढे बसवणारे वर्गही मी पाहिलेत. म्हणून त्या सकाळी मुलांपेक्षा ताईंकडे जास्त लक्ष द्या. त्या मुलांजवळ खाली बसतात का? मुलांना हात पोचेल तिथे साहित्य ठेवलंय का, की कपाटाला कुलूप आहे? मुलाने काही विचारलं तर काय होतं? पावसाळ्यात आमच्या पायरीवर गोगलगाय दिसली आणि एकीने विचारलं, "हिला पाय नाहीत तर ही चालते कशी?" आम्ही तिला काचेवर ठेवून खालून पाहिलं. पोटाची लाट हळूहळू सरकताना दिसली, तसा सगळा वर्ग जमिनीवर पोटावर सरपटायला लागला. त्या दिवशी ठरवलेलं गाणं राहिलं, ते दुसऱ्या दिवशी घेतलं. असं काही तुम्हाला तिथे दिसलं, तर मुलीला तिथेच राहू द्या. ताई मोबाइलमध्ये आणि मुलं कंटाळून एकमेकांना ढकलतायत असं दिसलं, तर खुशाल बदला. मात्र वही भरून घेणाऱ्या शाळेत घालू नका.

आणि घरी "आज काय शिकलीस?" असं विचारू नका, या वयात त्याचं उत्तर देता येत नाही. "आज भातुकलीत काय रांधलंत?" असं विचारा आणि ती सांगेल ते सगळं ऐका. संध्याकाळी पोळ्या करताना कणकेचा एक गोळा तिच्या हातात द्या.