न्यूमोनियात टी३ कमी आला, म्हणून थायरॉइडची गोळी?

तुम्ही लिहिलंय की आईंना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुना, धाप लावणारा आजार) आहे, न्यूमोनियासाठी दाखल असताना केलेल्या तपासणीत टी३ (थायरॉइडचं हार्मोन) कमी आला, टीएसएच (थायरॉइडला काम सांगणारं मेंदूकडचं हार्मोन) नॉर्मल. गोळी सुरू करायची का? मी डॉक्टर नाही. २० वर्षांचा दमा आणि त्यात थायरॉइड, एवढीच माझी पात्रता.

त्या एका रिपोर्टवर गोळीची घाई करू नका. मोठ्या आजारपणात शरीर टी४ (थायरॉइडचंच दुसरं हार्मोन) पासून टी३ बनवण्यात हात आखडता घेतं आणि बिनकामाचा रिव्हर्स टी३ वाढतो. ग्रंथी बहुधा ठणठणीत असते. शिवाय स्टेरॉइड चालू असतील तर तीही हे आकडे खाली ओढतात. बरं वाटल्यावर सहाएक आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तातला मोकळा टी४) पुन्हा करा. गरज नसताना गोळी घेतली तर धडधड वाढते, शरीराला ऑक्सिजनही जास्त लागतो. आधीच धाप लागणाऱ्याला हे कशाला?

खरंच हायपो असेल, म्हणजे थायरॉइड कमी पडत असेल, टीएसएच चढलेला आणि टी४ उतरलेला, तर मात्र उपचार हवेतच. त्यात श्वासाचे स्नायू थकतात, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला तरी मेंदू श्वास वाढवायला आळस करतो, जीभ-घसा सुजून झोपेत श्वास अडकतो. आई अलीकडे जास्त घोरतात का, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गळ्याशी गाठ असेल आणि आडवं झाल्यावर दम कोंडत असेल, तर तेही.

माझं उलटं झालं होतं, हायपर, म्हणजे थायरॉइड जास्तच काम करत होतं. हात थरथरायचे, दमा काही केल्या आटोक्यात येईना. सगळ्यांनी पंपाला दोष दिला, कारण त्यातल्या साल्ब्युटामॉलनेही हात थरथरतात. शेवटी एका डॉक्टरांनी हात पुढे धरायला सांगून बोटांवर कोरा कागद ठेवला. तो पंख्याखाली असल्यासारखा फडफडला! टीएसएच जवळजवळ शून्य निघाला. कंपासाठी प्रोप्रॅनोलॉल मिळालं आणि दम्याचं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. पंप ज्या रिसेप्टरवर काम करतो तोच ही गोळी अडवते. त्या रात्री छाती अशी आवळली की उशीला टेकून बसूनच काढली.

आणि हो, आई थिओफिलिन (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) घेतात का ते बघा. हायपोत ते शरीरातून सावकाश बाहेर पडतं, हायपरमध्ये भराभर. उद्या थायरॉइडचे उपचार सुरू झालेच, तर त्याचा डोस पुन्हा ठरवून घ्यावा लागेल.