४५ गुणसूत्रांचा अहवाल आणि जांभळ्या झाकणाची नळी

ताई, देवगडहून तुम्ही लिहिलेला प्रश्न वाचला. दोन गर्भपातांनंतर केलेल्या तपासणीत ‘४५,एक्सएक्स,रॉब(१३;१४)’ असा निष्कर्ष आला आणि एक गुणसूत्र कमी म्हणजे आपल्यातच व्यंग आहे का, असे तुम्ही विचारले आहे. नऊ वर्षांपूर्वी हाच निष्कर्ष माझ्या हाती होता, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. निर्णय जनुकीय समुपदेशकाशी बोलूनच घ्यावा.

गुणसूत्रबिंदूच्या जागेवरून पडणारे मध्यकेंद्री, उपमध्यकेंद्री वगैरे प्रकार आपण शाळेत शिकलो आहोत. इथे महत्त्वाची आहेत ती अग्रकेंद्री, म्हणजे गुणसूत्रबिंदू एका टोकाजवळ असल्याने एक भुजा आखूड आणि एक लांब असलेली गुणसूत्रे: १३, १४, १५, २१ आणि २२. त्यांच्या अगदी आखूड भुजेत मुख्यतः रायबोसोमच्या आरएनएची जनुके असतात आणि ती या पाचही जोड्यांवर असल्यामुळे दोन आखूड भुजा गेल्या तरी शरीराला उणीव भासत नाही. तुमच्या १३ आणि १४ क्रमांकांच्या एकेका गुणसूत्राच्या लांब भुजा एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत, इतकेच. हा जोड रॉबर्टसन यांनी १९१६ साली नाकतोड्यांमध्ये वर्णिला, त्यावरून अहवालात ‘रॉब’ येते. नग ४५ भरले तरी आवश्यक मजकूर पूर्ण आहे.

अडचण येते ती बीजांड तयार होताना. वाटणीच्या सहा शक्यतांपैकी एकीत गुणसूत्रे सर्वसाधारण असतात, एकीत तुमच्यासारखा जोड असतो आणि उरलेल्या चारींत १३ किंवा १४ क्रमांकाचे गुणसूत्र जास्त वा कमी होते. म्हणून सहापैकी चार गर्भ बिघडणारच, असा हिशेब मात्र कोणी मांडून दाखवला तर मानू नका. प्रत्यक्षात पहिल्या दोन वाटण्या बऱ्याच अधिक वेळा होतात.

आता मला सर्वांत महाग पडलेली चूक सांगते, कारण यापुढे तुमच्या आईवडिलांची आणि भावंडांची तपासणी होईल. आमच्या तालुक्यातल्या एका रक्तसंकलन केंद्राने ‘जनुकीय तपासणी’ एवढेच वाचून माझे रक्त जांभळ्या झाकणाच्या, म्हणजे ईडीटीए या रक्त साकळू न देणाऱ्या रसायनाच्या नळीत घेतले आणि बर्फावर ठेवून रात्रीच्या गाडीने मुंबईला पाठवले. मासळी बर्फात टिकते, तसे रक्तही टिकेल असे मलाही वाटले. परंतु गुणसूत्रे दिसतात ती पेशी विभाजित होत असतानाच. त्यासाठी पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत साधारण ७२ तास जिवंत वाढवाव्या लागतात, म्हणून पेशींच्या वाढीत अडथळा न आणणारी, हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी हवी आणि नमुना बर्फाने थिजता कामा नये. ‘पेशींची वाढ झाली नाही’ हा निरोप त्या केंद्रात पाच आठवडे पडून राहिला. मी तीन वेळा खेटे घातले आणि तिन्ही वेळा ‘मुंबईहून यायचा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्या काळात मला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि दहाव्या आठवड्यात तेही मूल गेले. अहवाल वेळेवर मिळाला असता तर ते वाचले असते, असे मी म्हणत नाही. पण आम्ही काय घडू शकते ते जाणून सामोरे गेलो असतो. तो हक्क आमच्याकडून कोणी हिरावून घेतला, याची चीड आजही गेलेली नाही.

म्हणून माझे ठाम मत असे, की सुई टोचण्यापूर्वी झाकणाचा रंग स्वतः पाहावा आणि रक्त सोमवारी किंवा मंगळवारी द्यावे, म्हणजे नमुना रविवारच्या सुट्टीत अडकत नाही. कोणी मायक्रोअरे ही महागडी तपासणी सुचवली, तर ती असा समतोल जोड दाखवत नाही हे ध्यानात असू द्या. तिथे केवळ जास्त-कमी प्रमाण कळते. आणि पुन्हा तसा दुर्दैवी प्रसंग आलाच, तर गर्भाची ऊतक फॉर्मालिनमध्ये टाकू देऊ नका. ती निर्जंतुक सलाइनमध्येच द्यायला सांगा. फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात आणि गुणसूत्रे पाहण्याची संधी तिथेच संपते.